टॅटूच्या मशीनची तक्रारवही

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या कन्येचं टॅटूचं मशीन एका गुलाबाच्या तिसऱ्या पाकळीत बंद पडलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी ती ताबडतोब लिहून ठेवली. वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला काहीही बंद पडलं की आधी पेन आठवतं. गुलाब अर्थात माणसावर नव्हता. सरावासाठी रबराची कातडी मिळते, तिच्यावर होता. तिसऱ्या पाकळीच्या टोकाला शाईचा एक ठिपका फुगला आणि तिथेच राहिला.

"बाबा, पुन्हा थांबलं," कन्या म्हणाली.

"पुन्हा म्हणजे? पहिल्यांदा कधी थांबलं? किती वेळ? सोबत आणखी काही बंद होतं का?" मी विचारलं.

"बाबा, मी ग्राहक नाहीये."

इथे परिस्थितीचं गांभीर्य सांगायला हवं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता आरोग्य खात्याच्या तपासणी अधिकारी आमच्या पुढच्या खोलीत येणार होत्या. त्यांच्यासमोर मशीन नीट चाललं तर परवाना. नाही चाललं तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. कन्येने विमा कंपनीतली नोकरी सोडली होती, पण तिथल्या साहेबांनी मोठ्या मनाने तिची जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती, आणि महिनाअखेर शनिवारी होती. परवाना मिळाला नाही तर सोमवारपासून ती पुन्हा विमा विकणार, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. ती नोकरी सोडते म्हणाली तेव्हा मी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त मीठ मागण्यापुरतं बोललो होतो, हे कबूल करतो. पण मग तिने पुढच्या खोलीच्या भिंती स्वतः घासून रंगवल्या, हात धुवायचं बेसिन बसवून घेतलं, दिवा कुठे असावा यासाठी तीन वेळा शिडीवर चढली. ते बघून माझ्यातला बाप विरघळला. इतका विरघळला, की सोमवारी ती सामान आणायला गेली असताना मी तिची खोली अगदी यथासांग आवरून ठेवली. त्याबद्दल पुढे येईलच.

परवान्याचं प्रकरणही सरळ नव्हतं. अर्जावर व्यवसायाचे चौदा प्रकार छापलेले, त्यात टॅटू कुठेच नाही. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज आधी 'छपाई' या सदरात टाकला आणि एका वेळी किती प्रती काढणार, असं विचारलं.

"एकच," कन्या म्हणाली.

"एकच? मग हा धंदा चालणार कसा?" त्याला मनापासून काळजी वाटली.

मी त्या कारकुनाच्या बाजूने होतो. खिडकीच्या आतून जग कसं दिसतं ते बाहेरच्यांना कळत नाही. शेवटी बऱ्याच चर्चेनंतर 'केशकर्तन व तत्सम' या सदरातल्या 'तत्सम'मध्ये आमच्या कन्येला जागा मिळाली.

आता मशीनबद्दल. टॅटूचं मशीन म्हणजे मुठीत मावेल एवढी एक लोखंडी चौकट. तिच्यावर तांब्याच्या तारेची दोन रिळं, वर एक पोलादी पट्टी. वीज आली की पट्टी थरथरते आणि तिला अडकवलेली सुई खालीवर होते. सुई हलू नये म्हणून तिला दोन छोटी रबरं लावतात. वीज येते टेबलावरच्या एका डबीतून, तिच्यावर आकडे दिसतात. आणि खाली जमिनीवर शिलाई मशीनसारखं पेडल. पाय दाबला की चालू, उचलला की बंद. हे सगळं मला कन्येने दहा मिनिटांत समजावलं. शेजाऱ्यांना ते समजावायला मला दीड तास लागला.

तर तक्रारी दोन होत्या. एक, मशीन ओढल्यासारखं चालत होतं, घरघर करत. दोन, रेष अर्ध्यात आली की थांबत होतं.

मी वीज कार्यालयात होतो म्हणजे मला विजेतलं कळतं, असा आमच्या इमारतीत समज आहे. तो मी कधी दूर केला नाही. कोण करेल? वास्तविक मी आयुष्यात एकच फ्यूज बदलला आहे, तोही आमच्या हिने टॉर्च धरला आणि सूचना दिल्या म्हणून. पण मुलीने "बाबा, तुम्ही बघता का जरा?" असं विचारल्यावर बापाने काय सांगावं? मी चष्मा लावला, डबीला दोन बाजूंनी बोटाने टकटक केलं आणि "हं" म्हणालो. हा "हं" मी आमच्या वायरमनकडून उचलला होता. त्याच्या "हं"नंतर दिवे लागायचे. माझ्या "हं"नंतर वरच्या मजल्यावरचे इन्व्हर्टरकाका आले.

इन्व्हर्टरकाकांचं खरं नाव आता त्यांच्या घरच्यांनाही पटकन आठवत नसेल. जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एकच उपाय आहे, आणि तो त्यांच्या बाल्कनीत ठेवलेला आहे.

"दाब कमी पडतोय," ते दारातूनच म्हणाले. "तुमच्या घरात लोड फार. फ्रिज बंद करा."

फ्रिज बंद केला. मशीन तसंच घरघरलं. मग पंखे बंद केले, टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरातला मिक्सर हिच्या हातातून काढून घेतला. मशीन तसंच. डबीवरचा आकडा वाढवून बघा, असं मी सुचवलं. कन्या नको नको म्हणत असताना काकांनी गोल बटण फिरवलं, आणि मशीन एखादा सेकंद बरं चाललं, मग इतकं तापलं की कन्येने ते ओल्या फडक्यावर ठेवलं. दरम्यान फ्रिज परत सुरू करायचं राहिलं आणि दोन लिटर दूध नासलं. त्याची नोंद मी केली नव्हती. हिने केली, तोंडी, आणि दिवसभर पुन्हा पुन्हा.

दुपारी काका त्यांचं इन्व्हर्टर घेऊनच खाली आले. ट्रॉलीवर घालून, वर टॉवेल पांघरून, बाळंतिणीला आणावं तसं. "शुद्ध वीज," ते म्हणाले, "एकदम गाळीव." त्यांनी ते जोडलं. फट् असा एक आवाज झाला, आणि आमचं घर, काकांचं घर, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता असं तिसऱ्या मजल्यावरचं घर, तिन्ही अंधारात गेली. दुपारचे तीन वाजले होते, त्यामुळे अंधार असा नव्हता. पण लिफ्टही अडकली होती, आत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या, आणि त्यांचं मत आम्हाला लिफ्टच्या जाळीतून स्पष्ट ऐकू येत होतं.

मग मला तो फोन करावा लागला. माझ्याच कार्यालयाला.

"आपली तक्रार नोंदवली गेली आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मी कोण बोलतोय माहीत आहे का? मी तिथे एकतीस वर्षं..."

"माणूस येईल."

"कधी?"

"आला की कळेल."

मी फोन ठेवला. हे वाक्य माझं होतं. अक्षरशः माझं. मी नव्या लोकांना शिकवलेलं. आला की कळेल, यात खोटं काहीच नाही, आणि समोरचा माणूस पुढे काय विचारावं या विचारात पडतो तेवढ्यात आपण पुढचा ग्राहक घेतो. एकतीस वर्षांत त्या वाक्याने माझ्यासमोर किती चेहरे पडले असतील, ते त्या दिवशी मला जिन्यात बसून, लिफ्टमधल्या बाईंचं बोलणं ऐकताना कळलं. वाईट वाटलं. बाईंना किल्ली आणून हाताने बाहेर काढलं, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

माणूस बुधवारी सकाळी दहाला आला. त्याने खालचा खटका वर केला आणि तो गेला. एकूण चार सेकंदांचं काम.

बुधवारी कन्येने सूत्रं हातात घेतली. "बाबा, आता काकांना बोलवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय होतंय ते लिहायचं. मला असंच शिकवलंय."

लिहायचं म्हटल्यावर माझ्या अंगात बळ आलं. मी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले. क्रमांक, वेळ, काय बदललं, पेडलवर कोण, परिणाम. कन्या बदलत गेली, मी लिहीत गेलो. भिंतीवरचा दुसरा प्लग पॉइंट घेतला, फरक नाही. डबीपासून मशीनपर्यंतची वायर बदलली, फरक नाही. सुई नवी घेतली, रबरं नवी लावली, फरक नाही. शेवटी तिने कपाटातून तिचं दुसरं मशीन काढलं. शिकताना वापरायची ते, भरवशाचं. तेही तसंच घरघरलं आणि तसंच थांबलं. पेडल मात्र एकच होतं.

अधूनमधून तिचे हात शाईचे व्हायचे, तेव्हा पेडल मी दाबायचो. आणि इथे एक विलक्षण गोष्ट दिसली. मी पेडल दाबलं की मशीन घरघरत का होईना, पण न थांबता चालायचं. तिने दाबलं की थांबायचं. हे वहीत सात वेळा आलं. मला याचा अर्थ फार लवकर कळला. विजेला माणूस ओळखता येतो.

"तुझ्या पायात अधिकार नाही," मी तिला समजावलं. "मी इतकी वर्षं या खात्यात..."

तिने हातमोजे काढले, मुठी उघडून आपल्या हातांकडे बघितलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, चहा करायला गेली असेल.

संध्याकाळी दिवेलागणीला मी वहीची पक्की प्रत करत बसलो होतो. कच्ची आणि पक्की अशा दोन प्रती असल्याशिवाय मला जेवण जात नाही. सातव्या वेळी 'पेडलवर कोण: मी' असं लिहिताना मला शेरा लिहावासा वाटला. मी काय घातलं होतं? बूट. बँकेतून तसाच येऊन बसलो होतो. तिच्या पायात? खोलीत घालायच्या पातळ सपाता. म्हणजे मी जोरात दाबत होतो आणि ती हलकेच. हलकेच दाबून का चालू नये? शिलाई मशीनचं पेडल तर कुणीही हलकेच दाबतं. मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो.

आता सोमवारची आवराआवर. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायची पद्धत नाही. रिमोट, खुर्च्या, हिच्या माहेरून आलेली गादी, सगळं आपापल्या वेष्टनात सुखाने राहतं. सोमवारी मला ते पेडल उघडंनागडं जमिनीवर दिसलं आणि जीव कळवळला. मी गादीच्या वेष्टनाचा एक जाड तुकडा घेतला, त्याची तिहेरी घडी केली आणि पेडल नीट गुंडाळून बांधलं. कन्येच्या धंद्यात स्वच्छतेसाठी सगळ्याच गोष्टींवर प्लॅस्टिक चढवतात, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण त्या तिहेरी घडीचं एक टोक दाबायच्या पट्टीखाली सरकून बसलं होतं. माझ्या बुटाला ते जुमानत नव्हतं. तिच्या सपातेला अडवत होतं.

टेबलाखाली बसल्या बसल्या मला आणखी एक गोष्ट आठवली. तिच्या सुयांच्या रबरांची एक डबी होती. आतली रबरं मला फार ढिली वाटली होती. मी ती फेकून दिली आणि माझ्या जुन्या फायलींची काळी, जाड, टणक रबरं त्या डबीत भरून ठेवली होती. ती रबरं सरकारी होती. त्यांनी एकदा धरलं की पंधरा वर्षं सोडायचं नाही. मशीन बिचारं त्या रबरांशी झुंजत घरघरत होतं. पहिलं मशीन असो की दुसरं, रबरं दोन्हीला माझीच होती.

यापुढे मी जे केलं ते सांगताना मान खाली जाते. मी गुपचूप प्लॅस्टिक काढलं. फेकलेली रबरं कचऱ्याच्या डब्यात तळाशी सापडली, ती धुऊन लावली. पेडल हलकेच दाबलं. मशीनने असा एकसारखा, गोड, बारीक आवाज धरला की हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का हो?"

"झालं," मी म्हणालो.

"काय होतं?"

"होतं किरकोळ. अनुभव लागतो."

वरून काका धावत आले. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "शेवटी खात्यातला माणूस तो खात्यातला माणूस!" हिने चहाबरोबर न मागता बिस्किटं ठेवली, आणि हे आमच्या घरात लग्नानंतर दुसऱ्यांदा घडत होतं. पंधरा मिनिटं मी सुखात होतो. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण मी स्वतः उघडलं.

मग कन्या बाहेर आली. तिने मशीनचा आवाज ऐकला आणि खुर्चीच्या हातावर टेकली. "म्हणजे खरंच तुमच्या हातून चालतं," ती म्हणाली. "मी केलं की थांबतं. दोन्ही मशीन थांबतात. सगळं बदलून बघितलं बाबा, फक्त मी बदलायची राहिले होते." आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. विमा कंपनीच्या साहेबांना संदेश लिहिलेला होता. सोमवारपासून येते, जागा ठेवल्याबद्दल आभारी आहे. पाठवायचा तेवढा बाकी होता. "माझ्याच हातात काहीतरी दोष आहे. उद्या त्या बाईंसमोर थांबण्यापेक्षा आजच थांबते."

बिस्किट माझ्या तोंडात होतं. ते गिळवेना, थुंकवेना. काका समोर होते, ही दारात उभी होती. मी बिस्किट कसंबसं गिळलं आणि उठून पक्क्या वहीचं शेवटचं पान उघडून तिच्या हातात दिलं. टेबलाखालून आल्या आल्या मी सवयीने लिहून टाकलं होतं. तपासाअंती आढळलेलं कारण: वडील.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग मी प्लॅस्टिक आणि मूठभर काळी रबरं टेबलावर ठेवली आणि सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, काकांच्या देखत.

"दोन दिवस, बाबा!" ती ओरडली. "दोन दिवस मी माझ्या हाताला शिव्या देतेय! आणि तुम्ही म्हणालात पायात अधिकार नाही!"

"म्हणालो," मी म्हणालो. "चूक झाली. तुझ्या हातात काही दोष नाही बाळा. कधीच नव्हता."

काकांनी घसा साफ केला आणि दाब तसा थोडा कमीच होता, असं म्हणून ते वर गेले. हिने माझ्यासमोरची बिस्किटं उचलली. कन्येने मशीन हातात घेतलं, सपातेने पेडल दाबलं आणि रबरी कातडीवर एक अख्खा गुलाब काढला. न थांबता. मग ती वहीतलं ते पान बघून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. संदेश मात्र तिने पुसला नाही. "उद्या बघू," म्हणाली.

गुरुवारी बाई बरोबर अकराला आल्या. चष्मा, फाइल, पायात आवाज न करणाऱ्या चपला. त्यांनी बेसिनचा नळ सोडून बघितला, सुयांची पाकिटं सीलबंद आहेत का ते उजेडात धरून बघितलं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायाने उघडतं का ते तपासलं. सगळ्यावर बरोबरची खूण केली. मग म्हणाल्या, "प्रात्यक्षिक."

कन्येने रबरी कातडी पुढे केली.

"मानवी त्वचेवर," बाईंनी अर्जावर बोट ठेवलं. "लिहिलंय इथे. कोण बसणार आहे?"

बसायला कन्येची एक मैत्रीण येणार होती. तिला सकाळीच ताप भरला होता. काका दारात उभे होते. त्यांना अचानक बाल्कनीतली बॅटरी आठवली. खोलीत आम्ही तिघंच उरलो, आणि त्यातल्या एक जण अधिकारी होत्या.

मी बाही वर केली.

"बाबा, तुम्ही? तुम्ही इंजेक्शनला सुद्धा..."

"सुरू कर," मी म्हणालो. आवाज जरा चिरकला.

संमतीपत्र मी पूर्ण वाचलं. चौथ्या कलमात क्रियापद राहिलं होतं, ते बाईंच्या परवानगीने घातलं आणि सही केली. कन्येने माझा हात पुसला, कोपराखाली निळ्या पेनाने खूण केली. "काय काढू?"

"तुला न थांबता काढता येईल ते."

"मग एक रेष काढते. सरळ. सरळ रेष सगळ्यात अवघड असते, तिच्यात काही लपत नाही." मग माझ्याशी कुणी कधी बोललं नसेल अशा आवाजात ती म्हणाली, "हलायचं नाही."

मी हललो नाही. मशीन सुरू झालं. दुखलं, चांगलंच दुखलं, पण मी माझ्या हाताकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. ओठ मिटलेले, भुवया जवळ आलेल्या, श्वास रेषेबरोबर हळूहळू सोडलेला. लहानपणी पाटीवर पहिलं अक्षर काढतानाचा चेहरा मी पाहिला असता, पण मी तेव्हा कार्यालयात होतो. हा मी पाहिला. रेष कोपरापासून निघाली आणि मनगटापर्यंत आली. कुठे ठिपका नाही, कुठे तुटली नाही.

"झालं," ती म्हणाली.

बाईंनी भिंग लावून रेष बघितली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. "प्रात्यक्षिकाला बसणाऱ्याचा अभिप्राय. दोन ओळींत."

आयुष्यभर मी इतरांचे अभिप्राय लिहून घेतले. त्या दोन ओळींपुढे मी बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी लिहिलं: दुखलं. तिचा हात एकदाही थरथरला नाही.

बाईंनी वाचलं. "पहिला शब्द खोडा," त्या म्हणाल्या. "नाहीतर वरून अर्ज परत येईल."

मी खोडला. त्यांनी खाली सही केली आणि शिक्का मारला. कन्येने तो कागद उलट्या बाजूने, टेबलापलीकडूनच वाचला. मग ती बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागली आणि लागतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ धूत राहिली. बाई गेल्यावर तिने फोन लावला. "नमस्कार सर. नाही, सोमवारी येत नाहीये. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. हो सर, इथे काम आहे."

मी बाही वरच ठेवली आणि दारात जाऊन उभा राहिलो. कुणीतरी विचारेलच.